गिरीजमध्ये बर्फ अंथरणारा बस्त्याव

बस्त्याव आता लेकीकडे दुबईला असतो. तिथल्या एका मॉलमध्ये बर्फाचं मैदान आहे, पोरंटोरं बूट घालून त्यावर घसरत असतात. पहिल्याच आठवड्यात त्याने ते बघितलं आणि मला व्हिडिओ कॉल लावला. मला वाटलं, माणूस हळवा झाला असेल. पडद्यावर अर्धं कपाळ, एक भुवई आणि मागे छताचे दिवे. म्हणाला, "सेक्रेटरी, कोपरे नीट गोल केले नायत यांनी. आनि वास पन येत नाय कसला."

बर्फाच्या मैदानाला वास हवाच, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. का, ते पुढे येईलच.

गाव त्याला नुसतं बस्त्याव म्हणे, शेंबडी पोरंसुद्धा. वसईजवळच्या गिरीजमध्ये त्याची वाडी: केळी, थोडे नारळ, पावसाळा सरला की भाजी. अंगाने असा की दारातून आत आला की खोलीतला उजेड कमी व्हायचा. खांद्यावर कायम टॉवेल, कारण घाम. बारमाही घाम. डिसेंबरात चर्चमध्ये पहाटेच्या मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, लोक स्वेटर घालून यायचे तेव्हा हा पंख्याखालची जागा धरून बसलेला असे. अशा माणसाने बर्फाचा ध्यास घेतला यात नवल ते काय, असं माझी बायको मंदा म्हणते. पण त्याने स्वतः बर्फ कधी तोंडाला लावला नाही, सरबतातही नाही. "बर्फावर माझा विश्वास हाय," तो म्हणायचा, "पन त्याच्याशी सलगी नाय."

घरात ही माणसं आपल्या बोलीत बोलत, त्यातलं मला निम्मं कळायचं. माझ्यासारख्या फ्लॅटवाल्यांसाठी बस्त्याव वेगळी मराठी काढायचा, पाहुण्यांसाठी चांगल्या बशा काढाव्यात तशी. तिलाही मध्येमध्ये टवके उडालेले असत.

पण त्याची खरी ओळख वाडीवाला म्हणून नव्हती. तो लिलाव पुकारायचा. आमच्याकडे सणाच्या मिस्सानंतर चर्चच्या पटांगणात गावकऱ्यांनी आणलेल्या वस्तूंचा लिलाव होतो. केळीचा घड, दुधी, जिवंत कोंबडा, घरी केलेला केक, कुणाची पापलेटची जोडी. येणारा पैसा चर्चला, नाहीतर गावाच्या कामाला. बस्त्यावच्या हातात गेलेला दुधी पुन्हा बाजारभावाला ओळख देत नसे. त्याची युक्ती त्याने मला एकदा सांगितली होती: "लोकांना वस्तू बघू द्यायची नाय. शेजारी बघू द्यायचा."

आमची गाठ पडली ती भोपळ्यामुळे. मी तेव्हा वसईत नवा. रविवारी स्कूटर काढून ताजी भाजी आणायला गिरीजला गेलो, तर पटांगणात गर्दी आणि टेबलावर भाजी. मला वाटलं, इथला बाजार असाच भरत असेल, जरा शिस्तीत. भोपळा सुरेख होता. मी हात वर केला. कुणीतरी वाढवलं, मीही वाढवलं. टेबलामागचा घामाघूम माणूस माझ्याकडे बघून सगळ्यांना म्हणाला, "साहेब एवढ्यावर थांबतील असं वाटत नाय. चष्मा तर महागाचा दिसतोय." मग मी कसला थांबतोय. भोपळा मला मिळाला. टाळ्या पडल्या. मी वाकून नमस्कार केला, पैसे दिले, भोपळा स्कूटरवर दोन पायांत ठेवला आणि घरी आलो.

तिथली रीत मला ठाऊक नव्हती. ज्याने वस्तू घेतली त्याने पैसे द्यायचे आणि वस्तू पुन्हा टेबलावर ठेवायची, म्हणजे ती परत लिलावात येते. एक चांगला भोपळा दुपारपर्यंत अर्ध्या गावाचा होऊन जातो. मी गावाचा चालता भोपळा पळवला होता.

संध्याकाळी बेल वाजली. दारात बस्त्याव, मजले चढून ओलाचिंब. मागे दोन म्हातारे, बहुधा साक्षीला.

"भोपळा कुठं हाय?"

खोटं बोलायचा विचार माझ्या मनात आला, पण घरभर फोडणीचा वास सुटला होता.

"कापला," मी म्हणालो.

"सगळा?"

"अर्धा."

तो आत आला, बसला, मंदाने वाढलेली भाजी खाल्ली, पुन्हा मागून घेतली. मग उरलेला अर्धा भोपळा काखेत मारून उठला. "अर्धा पन चालतो. अर्ध्यावर लोक जास्त चढतात. त्यांना वाटतं, बाकीचा कोनी मोठ्या मानसानं नेला." दारात थांबून त्याने विचारलं, मी करतो काय. मी हिशेबनीस, शिवाय आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी, हे कळल्यावर त्याचे डोळे लकाकले. "मग गावाच्या कामाला ये. भोपळा फिटेपर्यंत."

तेव्हापासून मी गिरीजच्या कामाला आहे.

आता बर्फ. गावातल्या मुली शाळेच्या बास्केटबॉलच्या सिमेंटवर चाकांचे बूट घालून चकतीची हॉकी खेळायच्या. बस्त्याव रोज त्यांच्यासाठी केळी न्यायचा आणि फाटकाची किल्ली त्याच्याकडे असायची, एवढ्या भांडवलावर तो संघाचा मॅनेजर झाला. कप्तान होती शेरॉन, त्याच्या धाकट्या भावाची, इनासची मुलगी. एका हिवाळ्यात या मुलींना लडाखमधल्या स्पर्धेचं बोलावणं आलं. खऱ्या बर्फावर. बस्त्याव मॅनेजर म्हणून गेला, सोबत केळीचा अख्खा घड.

मी तिथे नव्हतो, पण ही गोष्ट त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की आता मला तिथली थंडी आठवते. आमच्या मुली बर्फावर उतरल्या आणि सगळ्याच्या सगळ्या गुडघ्यांवर पडल्या. एकदम, ओळीने. समोरच्या संघाला वाटलं, या ख्रिस्ती मुली सामन्याआधी प्रार्थना करताहेत. त्यांनी आदराने माना खाली घातल्या. आमच्या मुलींना उठता येईना, त्यामुळे प्रार्थना लांबली. पंचानेही टोपी काढली.

पुढे किती गोल झाले, हे बस्त्यावने कधी सांगितलं नाही. "गोल मोजनं हे हलक्या मनाच्या मानसांचं काम," तो म्हणायचा. शेरॉनने एकदा आकडा सांगितला. तो छापण्यासारखा नाही.

परत आल्यावर तो थेट माझ्याकडे आला. "सेक्रेटरी, आपल्या पोरी खेळात कमी नायत. त्यांना बर्फ कधी बघायलाच मिळाला नाय, एवढीच गोष्ट. आनि बर्फ म्हंजे काय रे? शिस्तीत बसलेलं पानी. पानी आपल्याकडं हाय. शिस्त आपन लावू."

जागाही होती. रस्त्याकडेला दोघा भावांच्या समाईक मालकीचा एक तुकडा. तिथे आता केळ धरत नव्हती, आणि एक बिल्डर इनासच्या दारात चपला झिजवत होता. इनास सगळ्या बाबतींत बस्त्यावच्या उलट. बारीक, कोरडा, आयुष्यातली बरीच वर्षं आखातात काढलेला, शब्दसुद्धा जपून वापरणारा. दोघे ओटीवर चहा घेत बसले होते तेव्हा मीही तिथे होतो, बिस्किटांच्या बाजूला.

"बिल्डर विचारतोय. काय सांगू?" इनास म्हणाला.

"सांग, तिथं मैदान होनार हाय."

"कसलं?"

"बर्फाचं. हॉकीचं."

इनासने तोंडातला घोट सावकाश गिळला. मग म्हणाला, "दादा, मे महिन्यात क्रुसाचा सण. त्या दिवशी बर्फावर एक आख्खी मॅच झालेली मी माझ्या डोळ्यांनी बघितली, तर जागा तुझी. मी परत तोंड उघडनार नाय. नाय झाली, तर बिल्डरच्या कागदावर तू सही करायची."

"करतो."

"आता नको. मेमध्ये कर."

त्याची मुलगी कप्तान असूनही इनासने तिचा एकही सामना पाहिला नव्हता. पोरींनी काठ्या घेऊन धावायचं यात बघायचं काय, असं त्याचं म्हणणं.

पैसा उभा करायची जबाबदारी बस्त्यावने घेतली, म्हणजे लिलाव. पण यावेळी टेबलावर वस्तूच नव्हत्या. त्याने मान विकायला काढले. जमिनीखाली जे पाईप जाणार त्यातला एकेक पाईप एकेका घराच्या नावाने. मशीनचं बटण दाबायचा मान. आणि सगळ्यात वर, बर्फावर पहिलं पडायचा मान. "पडनार तर सगळेच हायत," तो पुकारत होता, "पन पहिला कोन पडला हे नातवंडं विचारतील." दोन घरांची यावरून अशी जुंपली की बायका मध्ये पडल्या. शेवटी मान मिळाला रुजाय नावाच्या एका म्हाताऱ्याला. आनंदाने उठताना तो खुर्चीवरून पडला, तेव्हा बस्त्यावने तिथल्या तिथे जाहीर केलं की हे धरलं जाणार नाही. मलाही गोलच्या जाळीचा मान घ्यावा लागला. पैसे देताना मी सवयीने विचारलं, "ही घरी न्यायची का?" पटांगण एवढं हसलं की फादर बाहेर येऊन बघून गेले.

सरकारी मदतीसाठीही एकदा प्रयत्न झाला. कुठल्या कचेरीत ते राहू दे. साहेब भला माणूस होता. बर्फाच्या मैदानासाठी त्याच्याकडे काहीच सोय नव्हती, पण आम्हाला हात हलवत पाठवायला त्याला वाईट वाटत होतं.

"तरण तलावाला मदत मिळते," तो म्हणाला. "तुमच्यात पाणी आहे ना?"

"हाय," बस्त्याव म्हणाला. "कडक झालेलं."

"मग तलावच झाला. खोली किती?"

बस्त्यावने अंगठा आणि बोट यांच्यामध्ये खोली दाखवली.

साहेबाने बराच विचार केला. "तरीपण जीवरक्षक ठेवावा लागेल."

मी ताबडतोब जीवरक्षक म्हणून माझं नाव सुचवलं. पोहता येतं का, असं विचारल्यावर मी नाही म्हणालो. तिथे आमची फाईल बुडाली. जिन्यात बस्त्याव म्हणाला, "बुडायला एवढ्याशा पान्यात पन मानूस लागतो, तो आपल्याकडं हाय."

मशीन मिळालं अर्नाळ्यात. मासळीसाठी बर्फ करणारा एक कारखाना बंद पडला होता, त्याचं. मशीनबरोबर हरेश्वर नावाचा मेकॅनिकही आला. त्याने आयुष्यभर त्या मशीनची सेवा केली होती आणि तो त्याला सोडायला तयार नव्हता. टेम्पो वाडीच्या अरुंद गल्लीत शिरेना, तेव्हा मशीन लोटत न्यायचं ठरलं. खाली घालायला ओंडके हवेत. मी म्हणालो, वाडीत एवढी केळीची खोडं पडली आहेत, गोल गुळगुळीत, ती घाला. कुणी हरकत घेतली नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. मशीन चढवताच खोडांचा लगदा झाला आणि त्या लगद्यावरून मशीन आपण होऊन निघालं. गल्लीच्या उतारावरून मोठ्या दिमाखात, कुणाचाही हात न लागता, बरोबर मैदानाच्या दारात जाऊन थांबलं. हरेश्वर मागून धावत ओरडत होता, "कोनी पुढं जाव नको, त्याला जाव दे." गिरीजमध्ये पहिली घसरगुंडी खेळली ती त्या मशीनने.

शेड पत्र्याची. उन्हापासून आत गारवा राहावा म्हणून भिंतींना आतून थर्माकोल लावायचा होता. नवा परवडेना. हरेश्वरने अर्नाळ्यातून मासळीच्या जुन्या थर्माकोलच्या पेट्या ट्रक भरून आणल्या. त्या कापून भिंतीभर लावल्या. आता कळलं असेल, बस्त्यावला मैदानाला वास का हवा होता. सुरमई, बोंबील, कोळंबी, प्रत्येक भिंतीचा वेगळा. गावातली सगळी मांजरं तिथे राहायला आली. भिंतीकडे तोंड करून ती तासन्‌तास बसत, देवळात बसावं तशी.

आणि मग मी पाणी भरलं.

बर्फाचं मैदान कसं होतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे माझा पराक्रम कळेल. जमिनीखाली पाईपांचं जाळं. त्यात भरपूर मीठ घातलेलं पाणी फिरवायचं, कारण खारं पाणी सहजी गोठत नाही. मशीन त्याला थंडगार करतं. वर फरशीवर गोडं पाणी शिंपडायचं, ते खालच्या गारव्याने गोठतं. झाला बर्फ. म्हणजे खारं पाईपात, गोडं वर. एवढंच.

सणाच्या आठवड्यात एका दुपारी बस्त्यावला नऊ दिवसांच्या नोव्हेना प्रार्थनेच्या तयारीसाठी चर्चमध्ये थांबावं लागलं. टँकर त्याच दुपारी येणार होते. त्याने मला विचारलं, "खारं पाईपात, गोडं वर. ध्यानात राहील?"

"बस्त्यावभाऊ," मी म्हणालो, "मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. पाण्याचं तुम्ही मला शिकवू नका."

इथेच घात झाला. आमच्या सोसायटीत, आणि या भागातल्या कुठल्याही सोसायटीत, दोन प्रकारचे टँकर येतात. गोडं पाणी टाकीत जातं, पाईपातून नळाला येतं. खारं पाणी फरशा धुवायला. एका थेंबाची अदलाबदल झाली तर बायका सेक्रेटरीच्या दारात कळश्या आपटतात. हे माझ्या हाडात मुरलं आहे. झोपेतून उठवून विचारलं तरी मी चुकणार नाही. टँकरवाल्याने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "सेठ, कौनसा किधर?" आणि मी अत्यंत अधिकाराने म्हणालो, "मीठा पाईप में, खारा फर्श पे."

त्याने तसंच केलं. मी दोघा ड्रायव्हरांना चहा पाजला. हरेश्वर आतल्या खोलीत मशीनला तेल घालत होता. मी त्याला अंगठा दाखवला, त्याने मशीन सुरू केलं, आणि मी घरी जाऊन समाधानाने झोपलो.

सकाळी गेलो तर फरशीवर पाणी तसंच, चांगलं पोहता येईल इतकं मोकळं. आणि खालून, एकेक करत, पाईप फुटल्याचे आवाज. गोडं पाणी आत गोठून फुगलं होतं.

बस्त्याव आला. फरशीवर वाकला, बोट बुडवलं, जिभेला लावलं. मग माझ्याकडे बघितलं. मी शिव्यांची वाट बघत होतो.

"सेक्रेटरी," तो म्हणाला, "सोसायटीत लोकांना पानी तूच देतोस ना?"

"हो."

"जिवंत हायत सगळे?"

दुपारपर्यंत बातमी गावभर. ज्यांच्या ज्यांच्या नावाचे पाईप होते ती घरं आपापला पाईप बघायला आली, आजाऱ्याला बघायला यावं तशी. "आमचा कुठला?" हरेश्वर फरशीवर जागा दाखवायचा. पाईपाजवळ थोडा वेळ उभं राहायचं, मान हलवायची. लिलावात भांडलेली ती दोन घरंही आली. एका घराचं म्हणणं, "आमचा फुटला, पन त्यांचा आमच्या आधी फुटला," आणि दुसऱ्या घराचं म्हणणं की त्यांचा जास्त फुटला, कारण जाड होता.

इनासही आला. सगळीकडे फिरून बघितलं. खिशातलं पेन काढलं, बघितलं, परत ठेवलं. "रविवारी येतो," एवढंच म्हणाला. बस्त्याव टॉवेलने मान पुसत राहिला. तो मला काही बोलला असता तर बरं वाटलं असतं.

मग हरेश्वरने हाक मारली. पाईपांचे चार भाग होते आणि प्रत्येकाला वेगळा व्हॉल्व. चौथा व्हॉल्व गंजून बंद पडला होता, म्हणून त्या भागात माझं गोडं पाणी शिरलंच नव्हतं. तो भाग धडधाकट.

"यो व्हॉल्व बदलायचा होता ना?" हरेश्वर म्हणाला. "नवा आनायला कोनाला सांगितला होता?"

मला सांगितला होता. मी विसरलो होतो.

बस्त्याव माझ्याजवळ आला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. हात ओला होता. "एका मानसात दोन मूर्ख असले तर त्याचा पन उपयोग होतो कधीकधी," तो म्हणाला.

गावाने बादल्यांनी फरशी धुतली. गंजलेला व्हॉल्व हातोड्याने उघडला, त्या एका भागात खारं पाणी भरलं, वर गोडं शिंपडलं, पुन्हा शिंपडलं. मला टँकरच्या आसपास फिरकायला बंदी होती. मी मांजरं हाकत होतो. शनिवारी दुपारी त्या कोपऱ्यात बर्फ धरला. आमच्या सोसायटीच्या पार्किंगएवढा, किंचित पिवळसर, कोळंबीच्या भिंतीला लागून. बस्त्याव त्याच्या कडेला उकिडवा बसून नुसता बघत होता. हात लावला नाही.

रविवारी, क्रुसाच्या सणाच्या मिस्सानंतर, सगळं गाव शेडमध्ये. नालासोपाऱ्याच्या काही मुली चाकांवरची हॉकी खेळायच्या, त्यांचा संघ बोलावला होता. जागा इतकी कमी की दोन्हीकडून तीन-तीनच मुली उतरणार. रुजायने सगळ्यांसमोर जाऊन आपला मान वसूल केला, व्यवस्थित, पाठीवर. टाळ्या पडल्या. इनास एका कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा.

सामना सुरू होणार तेवढ्यात हरेश्वर बस्त्यावच्या कानाशी लागला. त्याचा चेहरा उतरला होता. "बस्त्यावबाबा, मानसं लय झाली. सगली गरम मानसं. मशीनला झेपत नाय. बग, कडंला पानी झाला."

खरंच, बर्फाच्या कडा चमकायला लागल्या होत्या. बाहेर मे महिना, आत शेकडो लोकांचे श्वास आणि पत्र्याखाली कोंडलेली ऊब. बस्त्याव एका पेटीवर चढला.

"सगळे बाहेर."

गलका झाला. आम्ही पाईपाचे पैसे दिलेत, आम्ही बटणाचे दिलेत. बस्त्यावने हात वर केला. "आत थांबायचं तर श्वास घ्यायचा नाय. ज्याला जमतं त्यानं थांबावं."

लोक कुरकुरत बाहेर पडले. मीही, माझी जाळी सोडून. आत राहिल्या फक्त मुली, पंच म्हणून हरेश्वर आणि साक्षीदार म्हणून इनास. बस्त्याव मध्ये उभा राहून दार लोटून घेणार, तर शेरॉन त्याच्यासमोर येऊन थांबली.

"काका, तुम्ही पण."

"मी? मी मॅनेजर हाय."

"तुम्ही सगळ्यात गरम आहात, काका."

त्याने स्वतःकडे बघितलं. टॉवेलमधून थेंब गळत होते, बर्फाच्या काठावर. मग टॉवेल पिळायचा मोह आवरून तो बाहेर आला आणि दार स्वतःच्या हाताने लावून घेतलं.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. गाव केळीच्या सावलीला बसलं आणि त्याच्याकडे बघायला लागलं. बस्त्याव पत्र्यापाशी गेला, चटका बसू नये म्हणून टॉवेलची घडी घातली, तिच्यावर कान ठेवला आणि पुकारायला लागला.

"शेरॉननं घेतली चकती. चालली. डावीकडून चालली. सोपाऱ्याची आडवी आली, भारी हाय ती पोरगी. दिली... परत घेतली."

आतून धप्प आवाज आला.

"पडली कोनतरी," तो म्हणाला. "सोपाऱ्याची."

"कशावरून?" मागून कुणीतरी विचारलं.

"आपल्या पोरींचा पडायचा आवाज मी लडाखात ऐकलाय. हा तो नव्हे."

मी त्याच्या शेजारीच पत्र्याला कान लावून उभा होतो. मला मशीनची घरघर सोडून काहीही ऐकू येत नव्हतं. पण तो गोल सांगायचा, गोल वाचवायचा, शेरॉनला एकटीला घेऊन तिघींमधून काढायचा, आणि गाव टाळ्या वाजवायचं. मीही वाजवल्या. मध्ये एकदा तो थांबला, तेव्हा सगळं गाव चिडीचूप, एक मांजर ओरडलं तर त्याला गप्प केलं गेलं.

दार उघडलं. इनास बाहेर आला. शर्टाची कॉलर वर केलेली, ओठ निळे, दात वाजत होते. मे महिन्याच्या उन्हात तो दोन मिनिटं नुसता उभा राहिला. गाव उठून उभं राहिलं. बस्त्यावने पत्र्यावरचा कान काढला नाही, वळलाही नाही.

"दादा," इनास म्हणाला, "संपली मॅच."

"कोन जिंकलं ते नको सांगू. मॅच झाली का, आख्खी?"

"झाली."

पण इनास निघेना. त्याला अजून काहीतरी सांगायचं होतं.

"ती उलटी पन पळते," शेवटी तो म्हणाला. "शेरॉन. तोंड इकडं आनि चालली तिकडं. मागं न बघता. तू कधी सांगितलं नाय मला."

"तू कधी इचारलं नाय."

इनासने हात चोळले, काखेत घातले. "आत बाकं टाक," तो म्हणाला. "उभ्यानं पाय गारठतात." आणि वाडीच्या वाटेने निघून गेला.

मग जो गोंगाट झाला त्यात सणाचे बँडवाले होते, रुजाय होता, फादर होते, मला कुणीतरी खांद्यावर घ्यायचा प्रयत्न करून सोडून दिलं. लोक दारातून आत घुसत होते. बस्त्याव मात्र तसाच, उन्हात, टॉवेलच्या घडीवर कान टेकून. मॅच संपून बराच वेळ झाला होता.

मी जवळ गेलो. "बस्त्यावभाऊ, आता काय ऐकताय?"

त्याने डोळे न उघडता हाताने मला गप्प केलं.

"थांब जरा," म्हणाला. "पोरी हसतायत."